खलबत्त्यातली पांढरी पूड

"मी माझ्या बायकोला विष घातलंय का, तेवढं शोधून द्या."

एवढं बोलून त्या गृहस्थांनी टॉवेलात गुंडाळलेला खलबत्ता मामीच्या टेबलावर ठेवला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. खुर्ची पुढे केली तरी ते बसेनात. दारापर्यंत जायचे, परत यायचे.

भाच्याची पेन्सिल हवेतच राहिली. मामीच्या हाताखाली टिपणं घेण्यात त्याची तीन वर्षं गेली होती. दुसऱ्याने विष घातलं का, असं विचारणारे रग्गड आले. स्वतःबद्दल विचारणारा हा पहिलाच.

"घातलं असं म्हणतं कोण?" मामीने विचारलं.

"मेहुणा. मुद्दाम घातलं म्हणतो. मुद्दाम नाही, एवढं मला माहीत आहे. पण चुकून घातलं नाही, हे कशावरून सांगू?"

हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी बाईंचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. जठर लहान करून आतड्याला नवा जोड दिला. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, सूज उतरवणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या जन्मभर बंद, डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घ्या. बाईंनी ते काटेकोर पाळलं. तरी चार दिवसांपूर्वी त्यांना रक्ताची उलटी झाली. नेमका त्या जोडावरच व्रण निघाला.

"डॉक्टर म्हणतात, जंतू नाहीत, सिगारेट नाही, म्हणजे गोळ्याच. तीन-चार महिने तरी पोटात जात असणार. आणि हिच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज मीच कुटून देतो. या खलात. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या त्याच खणात असतात, तशाच पांढऱ्या. चष्म्याचा नंबरही वाढलाय माझा."

"बाई काय म्हणतात?"

"दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. चार वाजता सुट्टी मिळेल. भावाकडे जाणार म्हणते, कायमची."

मामी पदर खोचून उठली. "खलबत्ता राहू दे इथे. तोवर त्यात काही कुटलं जायचं नाही."

मेहुणा इस्पितळाच्या व्हरांड्यातच भेटला. रुंद खांद्याचा आणि त्याहून रुंद आवाजाचा माणूस.

"दाजींनी आणलंय ना तुम्हाला? मग झालंच."

"बहिणीच्या पोटात कधीपासून दुखतंय?"

"उन्हाळा संपल्यापासून. मधे ताईच्या शिवणघराची फरशी उखडली होती, तेव्हा ती तीन आठवडे घरीच होती. मी रोज संध्याकाळी जायचो. एकदा म्हणून पोट दुखलं नाही तिचं. का? तर मी डोळ्यांत तेल घालून बसलेलो. शिवणघर सुरू झालं, मी जायचा थांबलो, की यांचे उद्योग पुन्हा चालू."

"तेव्हा स्वयंपाक कोण करायचं?"

"दाजीच. या माणसाने स्वयंपाकघर कधी सोडलंय?"

भाच्याने 'मेहुण्याच्या धाकाने तीन आठवडे ठीक' असं टिपून खाली दोन रेघा मारल्या. मामीने ते वाचलं आणि त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. ती तसं बघायला लागली की आपलं काहीतरी चुकलंय, एवढं त्याला कळायचं.

आत खाटेवर बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गणवेश शिवायचं शिवणघर त्यांनी वीस वर्षं चालवलेलं. आजारपणातही चादरीची घडी सरळ होती.

"बाहेरचं काही खाता?"

"पाणीसुद्धा घरचं."

"गोळ्या?"

"चालतात तेवढ्याच." त्यांनी उशाची पिशवी पुढे सरकवली. मोजपट्टीच्या गुंडाळीत कागदाची पुडी होती. "शिवणघरात डोकं ठणकलं की घेते. पॅरासिटामॉल. डॉक्टरांना विचारून."

पुडीत दोन गोल पांढऱ्या गोळ्या होत्या. मामीने एकीवरून नख फिरवलं. ते मधल्या खाचेत अडकलं. दुसरीवरून फिरवलं; ते सरळ गेलं. भाच्याने लिहिलं : 'दोन गोळ्या, पांढऱ्या.'

"पाकीट कुठंय यांचं?"

"शिवणघरात कुठलीच वस्तू पाकिटात राहत नाही. माझा नियम आहे."

तो नियम बारा वाजता दिसला. भिंतभर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येकीत एकाच रंगाची, एकाच मापाची बटणं. कुठल्या दुकानातून आली याला किंमत नाही. दिसायला सारखी म्हणजे एका बरणीत.

"वेष्टनं पडलेली दिसली की मालकीणबाई ओरडायच्या," काजेवाली म्हणाली. काज-बटण करणारी ही बाई पहिल्या दिवसापासून इथे होती. ती कमरेला हात लावून, पाठीमागची उशी सावरत उठली. "माझी कंबर गेली हो या कामात. गोळीवर दिवस निघतो."

मामी बरण्यांपुढून चालत गेली आणि शेवटच्या फळीशी थांबली. तिथल्या बरणीत काळी, निळी, मोठी, बारीक सगळी बटणं एकत्र होती. तळाशी पांढरी भुकटी.

"ही?"

"ती... निवडायची राहिलीय."

"खडू सांडला वाटतं," भाचा म्हणाला. शिंप्याच्या घरी खडूच असणार.

"असेल. मालकीणबाईंना भेटायला येता? आम्ही तिकडेच निघालोय." मामीने बरणी काखोटीला मारली. काजेवालीचा चेहरा उतरला, पण ती आली.

साडेतीनला खोलीत सगळे उभे होते. मेहुणा पिशव्या भरत होता. नवरा दाराशी अस्वस्थपणे चष्मा पुसत होता.

"मेहुणेबुवा," मामी म्हणाली, "तुमच्या बहिणीचं दुखणं तीन आठवडे थांबलं, ते तुमच्या पहाऱ्याने नाही. त्या दिवसांत तिन्ही वेळचं जेवण दाजींच्या हातचं, कुटलेली पूडही त्यांचीच. तुम्ही फक्त संध्याकाळी यायचात. सकाळची पूड कोण बघत होतं? बदललं ते एकच, बाई शिवणघरात गेल्या नाहीत. विष घरात असतं तर घरी बसून दुखणं वाढलं असतं."

मेहुण्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"आता या दोन गोळ्या. दोन्ही गोल, दोन्ही पांढऱ्या. एकीला मधे खाच आहे, दुसरीला नाही. एका पाकिटातून निघालेल्या गोळ्या अशा नसतात. खाच कुठलीला, ते खालचा औषधवाला सांगेल. मला एवढंच कळतं की शिवणघरातल्या या पॅरासिटामॉलच्या बरणीत दुसरं औषध मिसळलंय. दिसायला सारखं म्हणून. असं घरी कोणी करत नाही. वीस वर्षं बटणं निवडलेला हातच करतो."

काजेवाली खाली बघत होती.

"कंबरेच्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्या तुमच्याच ना? आणि बाईंना इथे आणल्यावर ही बरणी रिकामी करून हाताला लागतील ती बटणं भरलीत. घाईत. तिथे बाकी एकही बरणी मिसळीची नाही."

"मला माहीतच नव्हतं दोन्हीत फरक असतो," काजेवाली रडत म्हणाली. "डॉक्टर गोळ्या गोळ्या म्हणाले तेव्हा कळलं. मग भीती वाटली."

"आणि यांच्यावर आळ आला तेव्हा?" बाईंनी विचारलं.

काजेवालीने पदर तोंडाला लावला.

मग बाई उठून बसल्या. "नियम माझा होता. तो उद्या मोडू. गप्प बसलीस त्याचं मात्र आपण सावकाश बोलू." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. नजर त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीवरच थांबली. "दोन दिवस मला खरंच वाटलं, तुम्हीच घातलंत."

"मला चार दिवस वाटत होतं," ते म्हणाले.

भाच्याला हे लिहून घ्यावंसं वाटलं नाही. मेहुण्याने घसा खाकरला आणि भरलेल्या पिशव्या तो एकेक करून दाजींच्या पायाशी आणून ठेवू लागला.

बाईंनी पाय खाटेखाली सोडले, चपला चाचपल्या.

"म्हणजे तुमच्यापेक्षा मीच तुम्हाला बरी ओळखते," त्या म्हणाल्या. "निदान दोन दिवसांच्या फरकाने. हात द्या."