डाव्या पायाचा नाल

तबेल्यातले नऊ घोडे महिन्याभरात पोट फुगून गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी ठरवलं, आता मेलेल्यांनाच विचारायचं. म्हणून त्या भर दुपारी, मेलेली जनावरं जिथे आणतात त्या आवारात मृत्यूची नोंदवही चाळायला आल्या. आजाराचा माग लागला तर उरलेले घोडे वाचणार होते. त्यांत ठिपकीही होती, वडिलांच्या मागे राहिलेली त्यांची म्हातारी घोडी.

रोग आत-बाहेर जाऊ नये म्हणून गमबूट दाराबाहेर औषधी पाण्याच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचे, असा इथला नियम होता. बाई मोज्यांनिशी आत गेल्या.

आत फिनेलचा उग्र वास कोंडला होता. कारकूनकाका वहीवर वाकले होते. रंग, वय, दात, पोटात काय सापडलं, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि दर खिळ्याला एक नाल, डाव्या पुढच्या पायाचा.

बाईंनी आपली डायरी वहीशेजारी उघडली. तारखा काही केल्या जुळेनात. नऊच्या नऊ नोंदी आदल्या दिवशीच्या.

"काका, काळा घोडा मंगळवारी गेला. तुम्ही सोमवारीच लिहून मोकळे?"

"नाल आला की लिहायचं, बाई. घोडा येतो मागून."

"आणि नाल कोण आणतं?"

"सकाळी कुलूप काढतो, तर खिळ्यावर असतो..."

दुसरं कुणी असतं तर तिथूनच पळालं असतं. बाईंना मात्र लहानपणापासून नको तिथे डोकवायची खोड. त्या उठून एकेक नाल न्याहाळू लागल्या. दहाव्यावरून त्यांनी बोट फिरवलं. त्याला आडवी पट्टी होती. ठिपकीच्या चिरलेल्या खुरासाठी त्यांच्या भावानेच तो घडवला होता.

त्यांनी भावाला फोन लावला. "दादा, ठिपकी कशी आहे?"

"सकाळपासून आडवी पडलीये गं. आणि तिचा नाल..."

"माहितीये." बाईंनी नाल खिळ्यावरून हिसकावून घेतला.

पलीकडून भाऊ ओरडला, "अगं, उठली! चाऱ्याला तोंड लावलं!"

बाईंचे डोळे भरून आले. नाल पिशवीत टाकून त्या निघाल्या.

"नका नेऊ, बाई," काका हळूच म्हणाले. "खिळा रिकामा राहत नाही..."

"आज राहील!"

बाहेर ऊन रखरखत होतं. ट्रेमध्ये एकच गमबूट होता, उजवा.

आत पान उलटल्याचा आवाज झाला. मग काकांनी नेहमीच्याच शांत आवाजात विचारलं, "बाई, वय किती लिहू?"