उजवीकडचा पाऊस

पाऊस फक्त उजवीकडे पडत होता.

बाहेर विजयवाड्याचा एप्रिल होता. बेसंट रोडवरचं डांबर चपलेला चिकटत होतं. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या, गारेगार खोलीत मात्र धो धो पाऊस... टीव्हीखाली साऊंडबारची लांबलचक काळी पट्टी, कोपऱ्यात छातीत धडधड भरवणारा मोठा डबा आणि सोफ्याच्या मागे दोन छोटे स्पीकर. मी सोफ्याच्या बरोब्बर मध्ये, डोळे मिटून.

"आता वीज कडाडेल मॅडम," सेल्समन म्हणाला. "कुठून आली ते बोटाने दाखवा."

कडाडली. मी उजवीकडे बोट केलं.

"चुकलं! डावीकडून, मागून! पुन्हा लावू?"

पुन्हा लावली असती तरी मी उजवीकडेच दाखवलं असतं. माझ्या जगात सगळं उजवीकडूनच येतं. लहानपणी गालफुगी झाली होती; ती उतरली तेव्हा माझा डावा कान सोबत घेऊन गेली. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. अम्मा आणि नान्नांनी ती लॉकरमधल्या दागिन्यांसारखी जपली होती.

नान्ना माझ्या उजव्या कानाशी वाकले. "बिंदू, नुसती पट्टीच घेऊ या. मागच्या डब्यांचा तुला काय उपयोग?"

माझे वडील हे प्रेमाने म्हणाले. प्रेमाने म्हटलेलं जास्त लागतं.

"मला मागचे दोन्ही हवेत," मी म्हणाले. "माझ्या पगारातून घेतेय."

रविवारी गुंटूरहून माणसं मला बघायला येणार होती. त्यासाठी हॉलला नवे पडदे, नवा सोफा आणि नवा टीव्ही. टीव्हीचा आवाज मात्र डब्यात कोंडलेल्या डासासारखा होता, म्हणून हा सगळा घाट. नान्ना माझ्यावर रुसून पलीकडे फ्रिज बघायला गेले. मी पुन्हा डोळे मिटले. हट्टाने.

उघडले तेव्हा समोर एक जण उभा होता. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, हातात हेल्मेट, भुवया वर चढलेल्या.

"अहो, एवढा कसला राग? तिकडे उभा राहून तीनदा विचारलं तुम्हाला."

"काय विचारलंत?"

"मधली जागा सोडता का. माझ्या नायनम्माला, म्हणजे आजीला, असा सेट हवाय. आणि मध्ये बसून ऐकल्याशिवाय कळत नाही म्हणतात."

अशा वेळी द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. लक्ष नव्हतं... विचारात होते... डोकं दुखतंय. पण त्या दिवशी मागच्या डब्यांनी माझं डोकं फिरवलं होतं.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," मी म्हणाले. "भांडायचं असेल तर उजवीकडून या."

बोलून गेले खरी. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं... आणि सांगितलं कुणाला? नावही माहीत नसलेल्या माणसाला! सेल्समन रिमोटची बटणं निरखायला लागला. हा मात्र 'अरेरे' म्हणाला नाही, 'सॉरी'ही नाही. सोफ्याला वळसा घालून माझ्या उजवीकडे येऊन बसला, हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आलो. करा सुरू."

"काय सुरू?"

"भांडण. मध्ये कोण बसणार यावरून."

मला हसू आलं. नको असताना आलं.

"पण तुम्ही मध्ये का बसलाय?" त्याने विचारलं.

"हे म्हणतात म्हणून."

"हे दोन कानवाल्यांसाठी म्हणतात. त्या डाव्या टोकाला बसून बघा... भिंतीला चिकटून. अख्खी खोली तुमच्या उजवीकडे येईल."

"तुम्ही कानांचे डॉक्टर?"

"घरं बांधतो. पण तेनालीला आमचं टॉकीज होतं. आजोबांचे एक दोस्त होते, असेच एका कानाचे. कायम डावीकडच्या कडेच्या खुर्चीत बसायचे. ते आले नाहीत तरी ती खुर्ची रिकामी ठेवायची, असा हुकूम होता." त्याने मांडीवरचं हेल्मेट फिरवलं. "आता तिथे लग्नाचा हॉल झालाय. नायनम्मा म्हणते, टॉकीज गेलं ते गेलं, निदान आवाज तरी घरी आणून दे."

मी सरकले. त्याने सेल्समनकडून रिमोट घेतला आणि पाऊस पुन्हा सुरू केला.

आधी नुसतीच सळसळ. मग मी मान जराशी वळवली... आणि पाऊस सरकला! पुढच्या पट्टीतला पत्र्यावर तडतडणारा. मागच्या डब्यातला जवळचा, पानापानांवरून ठिबकणारा. दोन कानांच्या लोकांना पाऊस बसल्या जागी मिळतो. मला तो मान वळवून शोधावा लागतो. पण सापडतो. आजवर कुणी शोधूच दिला नव्हता.

"सापडला?"

"सापडला." डोळे उघडले तर तो माझ्याकडेच बघत होता. लगेच खोक्यावरची बारीक अक्षरं वाचू लागला. "काय बघत होतात?" मी विचारलं.

"पाऊस."

"तो टीव्हीवर आहे."

"इकडेही पडत होता थोडा... चेहऱ्यावर."

त्याचं नाव उदयभास्कर. मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, हिमबिंदू, तर म्हणाला, "या शहरात, या उन्हात? धाडसी आहात." निघताना त्याने नंबर दिला. "फिटिंगवाला सोफा मधोमध ठेवायला लावेल, ऐकू नका. हॉलचा फोटो पाठवा, डबे कुठे लावायचे ते सांगतो."

फ्रिजच्या आडून नान्नांनी सगळं ऐकलं होतं. घरी जाताना रिक्षात ते माझ्या उजवीकडेच बसले.

"अनोळखी माणसाला सांगून टाकलंस. गुंटूरपर्यंत पोचलं तर?"

"पोचू दे."

"तुला सोपं वाटतं."

सोपं नव्हतं. ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवते. वात्रट पोरं मुद्दाम उजव्या रांगेत बसवते, म्हणजे त्यांची कुजबुज कळते. लोकांना वाटतं, बाई कडक आहेत. सोपं काहीच नसतं, फक्त दिसत नाही.

मी फोटो पाठवला. संध्याकाळी फोन आला.

"फोन कुठल्या कानाला लावलाय?"

"आहे त्या."

"हे बरं. म्हणजे माझं बोलणं दुसऱ्या कानाने सोडून द्यायची सोय नाही."

नव्हतीच. त्याचं बोलणं आत यायचं आणि आतच राहायचं. सोफा डाव्या भिंतीला लावा, मागचे डबे कानाच्या थोडे वर, धमधम करणारा डबा कोपऱ्यात कोंबू नका नाहीतर शेजारी भांडायला येतील... एवढंच बोलायचो आम्ही. रोज. साऊंडबारबद्दल इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं!

शनिवारी सेट बसला. मी म्हणाले, "उद्या मला बघायला येतायत."

पलीकडून आलं, "त्यांना... सांगितलंय?"

"नाही. लग्नानंतर सांगायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"घरच्यांनी."

"आणि तुम्ही?"

"मी मान डोलावली."

"एका पावसासाठी अख्ख्या दुकानाशी भांडलात," तो हळूच म्हणाला, "आणि इथे मान डोलावलीत?"

मी रागाने फोन ठेवला. राग त्याचा नव्हता.

रविवारी सकाळी नान्नांनी सोफा पुन्हा मध्ये ओढला, हॉल भरलेला दिसावा म्हणून. चिंचेच्या पुळिहोरा भाताचा वास, बोब्बट्लूंवर, म्हणजे पुरणपोळ्यांवर, तूप, माझ्या अंगावर कडक रेशीम. अम्मा नेहमीप्रमाणे माझ्या डावीकडे बसली. तिची पद्धत ठरलेली होती. कोपराने एकदा डिवचलं की उत्तर द्यायचं, दोनदा डिवचलं की हसायचं. आणि अम्मा जवळ नसली तर सरळ मान डोलावून मोकळं व्हायचं.

मुलगा पृथ्वी, हैदराबादला नोकरीला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या आईने, सुगुणागारूंनी, टीव्हीपासून पडद्यापर्यंत सगळ्याचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, "मुलांना जरा एकटं बोलू द्या."

बाल्कनीत माझ्या उजव्या हाताला एसीचं धूड घरघरत होतं. पृथ्वी डावीकडे उभा राहिला आणि रस्त्याकडे बघत, खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. मला फक्त घरघर ऐकू आली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हसून मान डोलावली. सवयीने. त्याचा चेहरा केवढा खुलला!

आत गेलो. त्याने आईच्या कानात सांगितलं आणि सुगुणागारूंनी टाळीच वाजवली. "पोरगी मोठी समजूतदार हो! लग्नानंतर नोकरी सोडायला तयार आहे. मग कशाला थांबायचं? आजच तांबूल देऊन-घेऊन लग्न पक्कं करून टाकू."

अम्माच्या कोपराने दोनदा डिवचलं. हस.

मला हसू आलं नाही. पान-सुपारीचं ताट आतून आलंसुद्धा. अजून एकदा मान डोलावली असती की आयुष्य ठरलं असतं, आणि ते काय ठरलं हे मला दुसऱ्यांकडून कळलं असतं.

"थांबा, आंटी," मी म्हणाले. "मी हो म्हटलेलं नाही."

"अगं, पृथ्वीने विचारलं, तू मान हलवलीस!"

"त्यांनी काय विचारलं ते मला ऐकूच आलं नाही. माझा डावा कान बंद आहे. लहानपणापासून."

अम्माचं कोपर जागच्या जागी थिजलं. याला खूण ठरलेली नव्हती.

सुगुणागारू नान्नांकडे वळल्या. "लपवलंत तुम्ही?"

नान्नांची मान खाली गेली. ती मला बघवेना. मी उठून उभी राहिले.

"हो, लपवलं. त्यांनी लपवलं आणि मी लपवू दिलं. आता नाही. माझा कान परत येणार नाही आणि नोकरी मी सोडणार नाही. आणि ही मान... ऐकू आल्याशिवाय पुन्हा हलणार नाही."

"मला कानाचं काही नाही," पृथ्वी पुटपुटला, "पण नोकरीचं..." आईने बघितलं तसा तो गप्प झाला. ताट तसंच राहिलं. जिन्यावरून चपलांचे आवाज उतरत गेले.

"आता कोण येईल या घरात?" नान्ना पडद्यांना म्हणाले.

अम्मा उठली. वाटलं, आता आत जाऊन रडेल. ती सोफ्याला वळसा घालून आली आणि माझ्या उजवीकडे बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "तो फोनवाला कोण?"

"अम्मा!"

"मला दोन्ही कानांनी ऐकू येतं गं. रोज संध्याकाळी बाल्कनीत हसतेस. स्पीकर कुठे लावायचा यात हसण्यासारखं काय असतं?"

मी सगळं सांगितलं. नान्ना ऐकत नसल्यासारखं ऐकत होते. शेवटी मी म्हणाले, "कोण येईल म्हणून वाट कशाला बघायची? आपणच जाऊ. मुलगा बघायला."

"मुलीकडचे... असे आपणहून?" नान्ना उडालेच. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. डावीकडून म्हणू देत."

अम्मा हसली. नान्ना आत गेले. पण साडी बदलून मी बाहेर आले तर नवा सोफा पुन्हा डाव्या भिंतीला लागलेला होता, आणि नान्ना पायात चपला घालून दारात उभे होते.

पटमटाला उदयभास्करच्या घरात टीव्ही दणदणत होता. दार नायनम्मानेच उघडलं. तिच्यामागून उदयभास्कर आला, नेसूला लुंगी, अंगात जुना बनियन, आणि कोपरापर्यंत दोन्ही हात लालभडक. आवकायचं लोणचं घालत होता. घरभर मोहरी, तिखट आणि कैरीचा वास. मला बघून तो हात कुठे लपवावेत या विचारात तसाच उभा राहिला.

"तुम्ही? आज तर ते गुंटूरचे..."

"येऊन गेले. आम्ही मुलगा बघायला आलोय."

नायनम्माने टीव्हीचा आवाज बंद केला. एवढा महागडा आवाज, पण तिने क्षणाचाही विचार केला नाही. "बस रे तिथे," ती त्याला म्हणाली. "आणि विचारतील त्याचीच उत्तरं दे."

तो बसला. लाल हात अधांतरी धरून.

"स्वयंपाक येतो?" मी विचारलं.

"समोर बरणी आहे."

"गाणं?"

"न्हाणीघरापुरतं."

"माझी नोकरी?"

"तुमची आहे. मी कोण विचारणारा?"

"आणि कान?"

आता मात्र तो हसला नाही. "त्या दिवशी दुकानात तुम्ही पाऊस शोधलात ना," तो म्हणाला, "तेव्हापासून मला दोन्ही कानांनी धड ऐकू येत नाहीये. सेट चालू असतो, आणि मी... तुमचा फोन यायची वाट बघत असतो." मग अम्मा-नान्ना बसलेत हे आठवून त्याने घाईने खाली बघितलं. "माझं हो आहे. तुम्ही विचारलं नसतं तर मी उद्या येणार होतो. हात धुऊन."

माझ्या गालांवर तिखट न लावताच आग होत होती.

नान्नांनी घसा खाकरला. "हे बघा," ते नायनम्माला म्हणाले, अगदी वरबापाच्या थाटात, "आम्हाला लपवाछपवी चालायची नाही. मुलात काही दोष असेल तर आत्ताच सांगा."

"आहे," नायनम्मा म्हणाली. "घोरतो. तेनालीच्या टॉकीजचा जनरेटर परवडला."

उदयभास्करचा चेहरा हातांच्या रंगाचा झाला. अम्माने पदर तोंडाला लावला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"घोरू देत," मी म्हणाले. "चांगला कान उशीत घालून झोपेन."