ओढसोडपत्र

पूर्वी जमिनीचा भाव रस्ता, पाणी आणि माती बघून ठरायचा. आता चौथी गोष्टही बघावी लागे, ती म्हणजे त्या जमिनीची कोणाला किती ओढ आहे.

ही ओढ मोजायची युक्ती तशी साधी होती. राज्यातले सगळे सातबारे, फेरफार, खरेदीखतं, मृत्युपत्रं एकाच भांडारात गोळा झाली, तेव्हा तिथले शास्त्रज्ञ डॉ. वझलवार यांच्या एक गोष्ट लक्षात आली. माणसं आपल्या जमिनीचा उतारा काही काम नसतानाही उघडतात. ना कर्ज काढायचं असतं, ना कोर्टात जायचं असतं. जुना फोटो काढून बघावा तसा बघतात आणि बंद करतात. कोण किती वेळा बघतं, किती वेळ रेंगाळतं आणि त्या जमिनीशी त्याचं नातं काय, यावरून डॉक्टरांनी शून्य ते शंभर असा एक आकडा बसवला. त्याला ते ओढांक म्हणत.

कमी ओढांकाची जमीन 'थंड'. ती पंधरा दिवसांत विकता यायची. साठच्या वरची जमीन 'उबदार', आणि ती विकायची तर ज्याची ओढ आहे त्याची लेखी संमती लागे, मग तो मालक असो वा नसो. कायद्यात अशा माणसाला 'ओढदार' म्हणत आणि त्याच्या संमतीला 'ओढसोडपत्र'. कोणाच्या जिवाची जमीन त्याला न विचारता जाऊ नये, असा त्यामागचा भला हेतू. पण कायदा करणाऱ्याचा हेतू एक आणि वापरणाऱ्याचा दुसरा, हे काही नवीन नाही. वर्षभरात ओढांक ही जमीन शोधणाऱ्यांच्या हातातली चाळणी झाली. कोणाला कशाचं काही वाटत नाही, हे आता घरबसल्या कळायला लागलं.

अन्विता कुलथे ही चाळणी नाशिकमध्ये बसून चालवायची. वय सेहेचाळीस, परवानाधारक जमीन-शोधक, राहायला एकटी. तिचा फोन दिवसभर वाजे, पण तो कुठल्या ना कुठल्या गट नंबरसाठी. 'जेवलीस का' असं विचारणारा फोन शेवटचा कधी आला होता, ते तिला आठवत नव्हतं. आठवायला ती जातही नव्हती.

सटाण्याकडच्या करंजखेडला एका कंपनीला गोदामांसाठी सलग जमीन हवी होती. अन्विताने अकरा गट काढले, सगळे थंडगार. मधोमध बारावा, गट नंबर ३१८. पीकपाहणीत वर्षानुवर्षं 'पडीक'. मालक हर्षल भामरे, राहणार न्यूझीलंड. ओढांक एक्क्याण्णव.

तिला वाटलं, म्हातारा तिकडे बसून झुरत असणार. तिने जपून फोन लावला.

"तीनशे अठरा?" हर्षल भामरे म्हणाले. "तो आमचाच का? मला वाटलं केव्हाच गेला. विका हो, कुठे सही करू?"

"तुम्ही उतारा बघत नाही कधी?"

"कशाला बघू? चाळीस वर्षं झाली इकडे येऊन."

"मग दुसरं कोणी आहे का, जमिनीशी संबंध असलेलं?"

"एक बहीण होती. ताईने हक्क सोडलाय पण. पक्कं काम झालंय ते. आहे का ती अजून?"

ओढदाराचा पत्ता शोधकाला अर्ज केल्यावर मिळतो. तो आला. रंजना निकम, वय एक्क्याऐंशी, नाशिकमध्येच, गंगापूर रोडवरच्या एका ज्येष्ठ निवासात. अन्विताच्या घरापासून वीस मिनिटांवर.

रंजनाबाई खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या. निवासात कोणी त्यांना ते काम सांगितलं नव्हतं. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्या स्वयंपाकघरातून मागून आणत. अन्विताने ओळख सांगितली, गट नंबर सांगितला. बाईंनी लसणाची ताटली बाजूला ठेवली आणि हात पदराला पुसले.

"माझ्या माहेराहून आलीस का?"

"तसंच म्हणा, मावशी."

त्यांनी लगेच फोनवर उतारा उघडून दाखवला. भोगवटादाराच्या, म्हणजे मालकाच्या, रकान्यात हर्षलचं नाव, आणि त्याखाली कंसात त्यांचं. हक्क सोडला की नाव पुसत नाहीत, त्याला कंस घालतात. "वडील गेले तेव्हा सही केली मी. सगळ्याच बहिणी करतात. वाटा मागितला तर आखाजीच्या सणाला माहेरी कोण बोलावणार? साडी नेसवली त्याने, हळदीकुंकू झालं. दोन वर्षं आखाजीला गेलेही. मग तो परदेशी गेला, घराला कुलूप लागलं." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. "पण बघ, आमची नावं अजून एकाखाली एक आहेत. घरात झोपायचो तशी."

अन्विताने कागद पुढे केला आणि ओढसोडपत्र म्हणजे काय ते समजावलं.

"मी कशी सही करू?" बाई म्हणाल्या. "माझ्या एकटीची थोडीच आहे ओढ? हे खाली बघ."

उताऱ्याच्या तळाशी, पारदर्शकतेच्या नियमाप्रमाणे, एक ओळ होती. 'आज ही नोंद पाहणारे : दोन.' नावं कोणालाच दिसत नसत.

"एक मी. दुसरा माझा भाऊ. एकोणीस वर्षं झाली, एक दिवस चुकत नाही. फोन नाही करत, स्वभावच तसा त्याचा. पण बघून जातो. मी चहा पिते आणि उघडते, तोवर त्याचं झालेलं असतं. त्याला दुखवून मी नाही सही करायची."

अन्विता कागद घेऊन घरी आली. हर्षल भामरे कधी उतारा बघत नाहीत, हे तिने त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. मग दुसरं कोण? दुसऱ्या दिवशी तिने वझलवारांना गाठलं.

"पडताळा," डॉक्टर म्हणाले. "आमचीच प्रणाली. ओढांक फुगवायला लोक खोटंखोटं बघतात ना, म्हणून जिथे आकडा चढतो तिथे ती रोज एकदा जाऊन तपासून येते."

"आणि ती पाहणाऱ्यांत मोजली जाते?"

"दार एकच आहे हो सगळ्यांना. आधी वाटलं वगळावी, मग राहून गेलं. तक्रार कोणाची आली नाही."

"म्हणजे बाई बघतात म्हणून पडताळा येतो."

"बरोबर."

"आणि पडताळा येतो म्हणून बाई बघतात."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त या बाजूने त्यांनी कधी विचार केला नव्हता. "असं झालं असेल खरं."

"राज्यात अशा नोंदी किती आहेत? एक माणूस आणि एक पडताळा, बाकी कोणी नाही?"

त्यांनी शोधून सांगितलं. "साडेचार लाखांच्या आसपास."

"त्यातल्या किती जणांना दुसरं आपलं माणूस वाटतं?"

"ते मोजत नाही आम्ही," डॉक्टर म्हणाले. मग तिच्या कामाची आठवण होऊन त्यांनी समजुतीने सांगितलं, "तुम्ही त्यांना खरं सांगून टाका. ओढ लगेच उतरेल आणि सहीही होईल. शास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबरच आहे."

हे तिलाही कळत होतं. खरं बोललं की काम फत्ते. आयुष्यात इतका सोपा सौदा तिला कधी मिळाला नव्हता, आणि तरी गंगापूर रोडवर गाडी लावून ती वीस मिनिटं आतच बसून राहिली. एकोणीस वर्षं. एवढी वर्षं अन्विताची रोज आठवण काढणारं यंत्रसुद्धा नव्हतं. तिला रंजनाबाईंचा हेवा वाटला आणि त्याची लाजही वाटली. मग तिने ठरवलं की कंपनीला 'जागा मिळत नाही' असं कळवायचं. बाराव्या गटावाचून सगळा व्यवहार मोडेल तर मोडू दे.

"काय कळलं?" रंजनाबाईंनी विचारलं. त्यांनी आज केस नीट विंचरले होते.

"तुमचं बरोबर आहे, मावशी. भाऊच आहेत. रोज बघतात."

बाईंचे डोळे भरून आले. पदराने पुसून त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं एकदा." मग त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद."

"कशाला? राहू दे."

"भावाने होकार दिलाय ना विकायला?"

खोटं बोलायला अन्विताला दुसऱ्यांदा जमलं नाही. "दिलाय."

"मग? ज्याचा त्या जमिनीत एवढा जीव आहे, तोच विकतोय, म्हणजे त्याची काहीतरी अडचण असणार. मी कशी आडवी येऊ? तेव्हा नाही आले."

"मावशी, थांबा. नीट विचार करा. नाही केली सही तरी चालतं."

"बहिणीला विचार कसला करायचा?" त्या हसल्या आणि खिडकीच्या उजेडात कागद धरून, पूर्ण नाव लिहून, त्यांनी सही केली. सही घट्ट आणि वळणदार होती. अन्विताने खरं सांगायला तोंड उघडलं, पण त्या इतक्या आनंदात होत्या की तिने नुसता कागद घेतला आणि त्याची घडी घातली.

महिन्याभरात व्यवहार झाला. बारा गट मिळून एक गट झाला, नवा नंबर पडला आणि जुन्या नोंदी कंसासकट बंद झाल्या. बंद नोंदीत तपासण्यासारखं काही नसतं, त्यामुळे पडताळाही थांबला. कंपनीने अन्विताला अभिनंदनाचा निरोप पाठवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी तिला फोन आला.

"रंजनामावशी बोलतेय. जेवलीस का गं?"

"हो, मावशी."

"अगं, तो उतारा उघडत नाही. रोज बघते. नोंद नाही म्हणतो."

"जमीन विकली ना, मावशी. आता नाही उघडणार."

"ते कळतं मला. जमिनीचं नाही काही. पण तोही उघडत असेल ना रोज? त्यालाही दिसत नसेल. त्याला वाटेल, ताई गेली. तुझं तर बोलणं झालं होतं त्याच्याशी. नंबर असेल ना तुझ्याकडे? एकदाच लावते. आहे म्हणून सांगते आणि ठेवते."

नंबर अन्विताच्या समोर, पडद्यावरच होता. 'आहे का ती अजून' असं विचारणारा तो आवाजही तिच्या कानात होता.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "माझ्याकडे नंबर नाही."