हात हलवा, दिवा लागेल

बटण शोधू नकोस गं, बटण नाहीये. या घरात आता एकाही दिव्याला बटण नाही, हा टेबललॅम्प सोडला तर. हा मी हट्टाने ठेवलाय. ये, इथे टेबलापाशीच बस. तुझ्या आईने दिलेला डबा तिथे ओट्यावर ठेव, नंतर बघू. आणि आपण बोलता बोलता स्वस्थ बसलो की वरचा दिवा जाईल, तेव्हा दचकू नकोस. माणूस हलला नाही की दिव्याच्या लेखी घरात कुणी नसतंच.

हे सगळं आमच्या चिरंजीवांचं, तुझ्या दादाचं काम. लोकांच्या घरी असले दिवे बसवायचे हाच त्याचा धंदा, पण आमच्या घरी मी कधी त्याला हात लावू दिला नव्हता. मग एकदा अंधारात माझी पायरी चुकली, घोटा मुरगळला, आणि झालं, साहेबांनी शिडी काढली. काकांची मागची खोली, पॅसेज, हे स्वयंपाकघर, हे दार, बाहेर अंगण, पार फाटकापर्यंत. प्रत्येक ठिकाणी एक पांढरी डबी. ऊब असलेलं अंग हललं की तिला कळतं आणि दिवा लागतो, असं त्याने मला दोनदा समजावून सांगितलं. आई म्हणजे ढ, असा त्याचा पहिल्यापासून समज आहे.

मला त्या दिव्यांची सवय झाली. तुझ्या काकांचं मात्र त्यांच्याशी काही जमेना. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तो. दुकान बंद केलं तरी टेबल उचलून घरी आणलं होतं, आणि जुनी गिऱ्हाइकं अजून शोधत यायची. डोळ्याला भिंग लावून बसले की दगड. हलायची ती फक्त बोटं, आणि तीही इतकी हळू की दिव्याला पत्ता लागायचा नाही. दिवा आपला खुशाल विझायचा. मग भिंग न काढता, मान वर न करता, हे डावा हात डोक्यावर उचलायचे आणि हलवायचे. दिवा लागायचा. हात खाली, काम सुरू.

तू बसली आहेस तिथून ती खोली सरळ दिसते, बघ. संध्याकाळी मी इथे भाजी निवडत बसायचे. खोली अंधारली की इथूनच ओरडायचे, "हात हलवा!" की आतून हात वर. दादा म्हणाला होता, डबीची जागा बदलून देतो. तर हे म्हणाले, राहू दे रे, तेवढाच व्यायाम. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, दोघंही कामातून गेली. पण खरं सांगू, त्यातही एक गंमत होती गं.

त्या दिवशी मी चहा केला आणि हाक मारली. आलो, म्हणाले. आले नाहीत. चहा गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा हाक मारली. एवढं चाक बसवतो आणि येतो, म्हणाले. माझं डोकं किती लवकर फिरतं ते तुझ्या आईला विचार. मी तो चहा मोरीत ओतला आणि म्हटलं, "बसा मग तिथेच."

हे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

थोड्या वेळाने खोलीतला दिवा गेला. मला दिसलं. मी हाक मारली नाही. म्हटलं, बसू दे अंधारात, कळू दे जरा. भाजी निवडून झाली, कणीक मळून झाली, तरी तिकडे अंधारच. मग मात्र मी हातातलं टाकून उठले. मी दारात गेले, माझ्या हालचालीने दिवा लागला, आणि हे खुर्चीत तसेच बसलेले होते, चिमटा हातात. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, तुम्ही आधी आला असता तरी काही उपयोग नव्हता. मला नाही पटलं ते. अजून पटत नाही.

माणसं आली, राहिली, गेली. घर रिकामं झालं. मग एका संध्याकाळी मी इथेच बसले होते आणि समोरच्या खोलीत दिवा लागला.

थोड्या वेळाने विझला. पुन्हा लागला.

पाल असेल म्हणून मी झाडू घेऊन गेले. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, आणि वेळ तीच, दिवेलागणीची. दादाला बोलावलं. त्याने डबी उघडली, पुसली, मग नवी बसवली. खिडकीचा पडदासुद्धा काढून नेला. तरी तेच. शेवटी तो स्वतः आत जाऊन बसला, अगदी न हलता. दिवा विझला. मग लागला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. म्हणाला, आई, ही खोली बंद ठेवत जा. कारण विचारलं तर चप्पल घालून निघूनच गेला.

मी खोली बंद केली नाही. भीती वाटली, नाही असं नाही. पण त्या दिव्याची लय माझ्या ओळखीची होती गं. विझला की जरासा वेळ, मग हात वर. मी आत जाऊन दाराशी स्टुलावर बसले, श्वाससुद्धा दाबून. दिवा गेला. अंधारात घड्याळाच्या तेलाचा वास आला, आणि काहीतरी बारीक खरवडल्याचा आवाज... मग दिवा लागला. खुर्ची रिकामी. मी इतकी रडले त्या दिवशी. मी म्हटलं होतं ना, बसा तिथेच. आणि हा माणूस बसला होता.

एक हाक मारली असती तर ते उठले असते. ते मला त्या स्टुलावर बसले तेव्हाच कळलं होतं. तरी मी मारली नाही. का मारू? उठले की जाणार. मग या एवढ्या घरात मी आणि या पांढऱ्या डब्या. निदान संध्याकाळी तरी समोर कुणीतरी होतं. म्हणून मी रोज इथे भाजी घेऊन बसायचे आणि त्यांना तिथे बसवून ठेवायचे. स्वार्थीपणा म्हण हवं तर.

मग अंधार लांबायला लागला. आधी जरासा वेळ असायचा, तो वाढत गेला. दिवा गेला की लागायचं नावच घेईना. मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायची, आणि मग कधीतरी तो कसाबसा लागायचा. हात दमला होता त्यांचा. तो उचलवत नव्हता, तरी उचलत होते, मी बघतेय म्हणून. ते नाही बघवलं मला. एका संध्याकाळी मी चहा केला, दोन कप, आणि इथूनच हाक मारली, पूर्वीसारखी. "अहो, पुरे आता... उठा."

खोलीतला दिवा लागला. मग पॅसेजमधला. मग इथला, माझ्या डोक्यावरचा. मी हलले नव्हते गं, मला हलताच येत नव्हतं. तो तेलाचा वास माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबला. आणि थांबलाच. फिरायला जाताना थांबायचे ना, मी पदर सारखा करेपर्यंत, तसे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, इतक्या वर्षांची जिभेची सवय...

"तुम्ही पुढे व्हा. मी आलेच."

दाराचा दिवा लागला. मग अंगणातला. मग फाटकावरचा. मागचे एकेक करून विझत गेले. मागची खोली त्यानंतर एकदाही उजळली नाही. मला वाटलं, सुटले ते.

पण फाटकावरचा विझला नाही. त्या रात्री नाही, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा लागला. कुणीतरी समोर हलत राहिल्याशिवाय तो लागून राहत नाही, हे तुझ्या दादानेच मला शिकवलंय. हे मला सोडून कुठे कधी गेले नाहीत. लग्नाला असो, बाजारात असो, मी मागे राहिले की फाटकाशी येरझारा घालत उभे. मी आलेच म्हटलं म्हणजे मी येणार, यावर त्यांचा विश्वास. माझ्या जिभेने त्यांना एकदा खुर्चीत बसवलं, आणि आता फाटकाशी उभं केलं.

गेल्या आठवड्यापर्यंत तो तिथेच लागायचा. मग फाटकावरचा लागेनासा झाला आणि अंगणातला लागायला लागला. किती वेळ वाट बघणार कुणी? परत बघायला येणारच ना, अजून का निघाली नाही म्हणून.

काल या दाराबाहेरचा लागला. विझला, की लगेच पुन्हा लागला. दार लोटलेलंच होतं. मी कडी घालायला उठले, कडीवर हात ठेवला, आणि कडी न घालता तशीच परत येऊन बसले.