रडतोंड्याचे दोन डोळे

"थेंब कुठी गेला बे?"

महामाया आबाजींच्या जीपखाली उताणी पडली होती. बाहेर दिसत होते ते फक्त तिचे पाय, आणि त्या पायांशी तिचा चुलतभाऊ प्रसेनजित नखं खात उभा होता.

"कोनता थेंब?"

"तेलाचा! डबा पाह्य. कोरडा ठणठणीत!"

आबाजी म्हणजे दोघांचे आजोबा, किसनराव. त्यांच्या जीपचं इंजिन गळतं, हे धामणगाव बढ्यात शाळेत न शिकवताही सगळ्यांना पाठ होतं. जीपखाली पत्र्याचा डबा कायमचा मांडलेला असे आणि त्यातल्या तेलावर अर्ध्या गल्लीच्या फाटकांची कुरकुर थांबली होती. पण दिवाळीच्या तोंडावर जीप महादेवराव मिस्तरीच्या गॅरेजातून ब्रेक दुरुस्त होऊन आली आणि गळती एकाएकी बंद!

"सुधारली असंन," प्रसेनजित म्हणाला.

"जन्माची खोड अशी जाते काय? तुही नखं खायची गेली काय?"

प्रसेनजितने हात खिशात घातला.

गळतीबरोबर जीपचा दमही गेला होता. राजूर घाटात तिनं चक्क बसकण मारली. साखरपुड्याला बुलढाण्याला निघालेल्या मंडळींनी, खुद्द नवरदेवासकट, ती ढकलत वर नेली. पोचल्यावर यातला नवरदेव कोणता, हे मुलीकडच्यांना विचारून घ्यावं लागलं म्हणे!

तेव्हापासून आबाजींनी जीपला हात लावला नव्हता. "गाडीचं काई नाई," ते म्हणत, "मीच म्हातारा झालो. हाताले चढ समजत नाई आता." महादेवरावांना बिचाऱ्यांना इतकी दया आली, की जीप भंगारात न्यायचं त्यांनी आपणहून कबूल केलं. उद्या सकाळीच नेणार होते. इतका कनवाळू मिस्तरी साऱ्या तालुक्यात नव्हता, आणि महामायाला संशय आला तो नेमका तिथेच.

तेवढ्यात शेजारची रुपाली धापा टाकत आली. "चाला लवकर! सरपंच हिंमतरावाचा प्रेम आला पुण्याहून! जिनिंगच्या मैदानात गाडी आडवी चालवून राह्यला!"

"आडवी? काऊन? रस्ता पुरला नाई काय?"

कापसाचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे जिनिंगचं मैदान मोकळं होतं. तिथे एक लांबडी लाल गाडी घाण्याच्या बैलासारखी गरगर फिरत होती. मागची चाकं किंचाळत होती आणि धूळ थेट आभाळात चालली होती. गाडी थांबली, तसा गॉगल पुसत प्रेम उतरला.

"याला ड्रिफ्टिंग म्हणतात!" त्याने जमलेल्या पोरांना सांगितलं. "कला आहे ही!"

"आडवं जायला कला कशाला?" त्याची मोठी बहीण डिंपल म्हणाली. ती गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती. "आपला गोऱ्हा औताला जुंपला की रोज आडवा जातो. त्याने कधी गॉगल घातला नाही."

"ताई, महादेवकाकांकडे गाडी ठेवून इंजिन बदलून घेतलंय मी. गाडीचा आत्माच बदलला!"

"एवढ्या खर्चात दुसरी गाडी आली असती. आधी सरळ चालवायला शीक!"

"जिच्यात जोर नाही ती सरळ काय नि आडवी काय!"

भांडण रंगलं. शेजारी महादेवराव हात पुसत उभे होते आणि जो जोरात बोलेल त्याच्याकडे बघून मान डोलवत होते.

मग प्रेमने रागारागाने किल्ली फिरवली.

खों... खों... घुर्रर्र!

महामाया दचकली. ही खोकल्याची उबळ ऐकतच ती लहानपणापासून रोज झोपेतून उठत आली होती! तिने वाकून गाडीखाली पाहिलं. टप्. पांढऱ्या मातीवर काळा थेंब. जरा वेळाने आणखी एक, टप्!

"हा तं आपला..." प्रसेनजितने तोंड उघडलं. महामायाने त्याला असा चिमटा काढला, की बाकीचं वाक्य "आई गं" असं निघालं.

ती डिंपलजवळ सरकली. "ताई, बोनेट उघडायच्या आधी सांगून ठेवतो. इंजिनाच्या उजव्या अंगाले, खाली, पांढऱ्या लगद्याचं एक तोंड आहे. हसरं. डोळ्याच्या जागी दोन टिचबटणं."

"तुला काय माहीत?"

"मीच केलं. आबाजींनी गळतीवर वला लगदा लावला होता, तवा मी बालवाडीत होतो. माह्या झबल्याची बटणं बसवली अन् नखानं तोंड काढलं. तरी गळणं थांबलं नाई, म्हणून आबाजींनी नाव ठेवलं रडतोंड्या."

डिंपलच्या भुवया वर गेल्या. "महादेवकाका, हे इंजिन आणलं कुठून?"

"थेट जपानहून, ताई! पेटीबंद! माह्या हातानं पेटी फोडली."

"दाखवता?"

"आता? नको नको. गरम आहे. पोराइले भाजंन!"

महामायाने रुपालीकडे पाहिलं. रुपाली वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आली होती. तिने घसा साफ केला. "प्रेमदादा! असं इंजिन आमच्या गावात कधी आलं नाई अन् पुन्हा येनार नाई! त्याचं दर्शन न घेता आम्ही मोठे झालो, तं आमच्या मोठं होन्याले काय अर्थ?"

गाडीच्या शौकिनाला जेवण दाखवू नका, झोप दाखवू नका; तो राहील. पण बोनेट उघडून दाखवा, असं कुणी म्हटलं की त्याला धीर धरवत नाही. महादेवराव "अहो, अहो" म्हणेपर्यंत बोनेट वर!

डिंपलने मोबाइलचा उजेड खाली टाकला. तेलाने काळवंडलेला रडतोंड्या दात विचकून हसत होता. दोन्ही टिचबटणं चमकली.

"काका," प्रसेनजितने फार निरागसपणे विचारलं, "जपानात टिचबटणं लावूनच पेटी बंद करतात काय?"

महादेवरावांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते घरी निघाले होते. पण मैदानाच्या फाटकात प्रेमचे वडील, स्वतः हिंमतराव उभे होते.

"ब्रेकसाठी आलेल्या गाडीचं इंजिन काढून तिच्यात भंगारातला ठोकळा बसवला, आणि हे जपानी म्हणून आमच्या गळ्यात मारलं!" डिंपल कडाडली. "जुनं पण दणकट, म्हणून हे इंजिन लोक शोधत फिरतात. आणि प्रेम, तू एकदा तरी विचारलंस, हे आलं कुठून?"

"जोर किती आहे ते विचारलं होतं," प्रेम पुटपुटला आणि त्याने गॉगल पुन्हा लावला.

पोलीस पाटलांसमोर महादेवरावांनी सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी भंगारात जायच्या वेळी जीपमध्ये तिचं इंजिन परत बसत होतं. बसवत होते महादेवराव, आणि एकेक नट तपासत होती डिंपल.

संध्याकाळी सगळ्यांना घेऊन आबाजींनी जीप राजूर घाटाला लावली. वळणं आली नि गेली. जीपने एकदाही दम टाकला नाही, आबाजींच्या हातानेही नाही. मागे बसलेल्या प्रेमने गॉगल काढून खिशात ठेवला.

"बघ," डिंपल म्हणाली, "याला म्हणतात चालवणं. आडवं न जाता!"

माथ्यावर आबाजींनी जीप थांबवली आणि स्टिअरिंगवरचे आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"मी म्हातारा नाई झालो तं!" ते म्हणाले. "पोरी, समद्या गावाले गाडी बिघडलेली दिसली. मले मी बिघडलेला दिसलो. तुले तेवढा थेंब दिसला. शाब्बास!"

"शाब्बास तिघांनाही," हिंमतराव म्हणाले. "रुपाली, पुढच्या सभेत माझ्याऐवजी तूच बोल."

घरी आल्यावर महामायाने डबा जीपखाली सरकवला आणि सगळे कान देऊन बसले.

टप्.

"आता तं मिस्तरी फुकटात करून राह्यला," प्रसेनजित म्हणाला. "त्याच्याकडून नवा लगदा लावून घ्याचा काय?"

"रडतोंड्याले हात लावशीन तं पाह्य!" आबाजी आणि महामाया एकदमच ओरडले.