वाडीचं सोळावं मत

सहा वर्षं मी वरच्या सभागृहाचा उपसभापती होतो. निवृत्तीनंतर रिहे गावात राहायला आलो, तरी सभा चालवायची खोड काही गेली नाही. घरात दोघं एकदम बोलायला लागले की मी आजही टेबल वाजवतो. त्यामुळे ताम्हिणीकडच्या एका वाडीची ग्रामसेविका गौतमी बोलवायला आली, तेव्हा मी मनातून खूश झालो.

वाडीमागच्या डोंगराला भेग पडली होती. खाली शाळेत उतरायचं की नाही, यावरून दोन तट पडले होते.

"सर, तुम्ही बाहेरचे. तुमचं ऐकतील," गौतमी म्हणाली.

सकाळी अकराला समाजमंदिरात घरटी एक जण आला. घरं पंधरा. विषम आकडा, म्हणजे समसमान मतं पडून माझ्यावर निर्णायक मत द्यायची पाळी येणार नव्हती. मी निर्धास्त झालो.

"जनावरं कुटं बांधायची तितं?" वाडीतल्या गोजराबाई तावातावानं म्हणाल्या. "ह्यो डोंगर काय आज बघतुया व्हय आमी?"

आवाजी मतदानात काही कळेना, तेव्हा सभागृहातल्यासारखंच केलं. उतरणारे उजवीकडे, राहणारे डावीकडे.

उजवीकडे आठ. डावीकडेही आठ.

पुन्हा मोजलं. आठ आणि आठच. गौतमीनं मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या यादीत पंधराच नावं होती.

"बाहेरचं कुणी आहे का यात?" मी विचारलं.

"न्हाई. समदी आपलीच हायेत," गोजराबाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी शेजारी पाहिलं नाही.

एकेकाला नाव विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. आसनावरून सदस्याला 'तुम्ही कोण' म्हणायचं नसतं, ही जुनी सवय. खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

मतं समान झाली तर अध्यक्षानं आहे ते तसंच राहू द्यावं, असा संकेत आहे. तो मी कधीच मोडला नव्हता. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. सोळा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"उतरायचं," मी म्हणालो.

जाता जाता गोजराबाई माझ्यापाशी थांबल्या.

"आमी उतरतो, सायेब. पन त्ये न्हाई यायचं."

"कोण?"

त्या डोक्यावर इरलं घेऊन पावसात निघून गेल्या.

चारपर्यंत पंधराही घरं शाळेत पोचली, जनावरांसकट. साडेपाचला डोंगर खाली आला. एकही माणूस दगावला नाही. लोक माझ्या पाया पडले.

तिसऱ्या दिवशी गौतमीचा फोन आला. माती उपसताना घरांची जोती लागली होती.

"किती?" मी विचारलं.

"सोळा, सर."

ती पुढे सांगू लागली.

"शेवटच्या घरात चूल आहे. तव्यावर भाकरी आहे, एका अंगानं भाजलेली. सर, तवा तापलेला आहे."