जोडठसा

दोघांचे हात एकाच वेळी एकाच रंध्यावर पडले.

जुन्या बाजाराच्या त्या चिंचोळ्या गल्लीत रिमझिम चालू होती. भंगारवाल्याने प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता आणि त्याखाली पकडी, पाने, दात झडलेल्या करवती असा सगळा लोखंडी गोतावळा पसरला होता. कागदावर साठलेलं पाणी मधूनच कोणाच्या तरी मानेवर सांडत होतं. आत्ता ते त्याच्या मानेवर सांडलं, पण त्याने रंधा सोडला नाही.

“मी आधी पाहिला,” तो म्हणाला.

“पाहिला असेल. धरला मी आधी.”

“बरं... मग निदान कोणाच्या बनावटीचा आहे ते तरी सांगा.”

तिने पर्समधून छोटं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि रंध्याच्या पात्यावरचा गंज अंगठ्याने हलकेच पुसला. “टिटवी छाप. टिटवीची शेपटी आखूड आहे, म्हणजे शेवटच्या काळातला. कारखाना बंद पडायच्या थोडा आधीचा.”

तो बघतच राहिला. टिटवी छाप हत्यारं गोळा करता करता त्याचं अर्धं घर भरलं होतं, पण शेपटीकडे त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

“तुम्ही या धंद्यातल्या का?”

“छे! मी चष्म्याच्या धंद्यातली. मामाचं दुकान आहे. पण जुनं, गंजलेलं, कोणी न विचारणारं काही दिसलं ना, की माझा जीव त्यात अडकतो.”

“मग मला आशा आहे,” तो पुटपुटला.

“काय म्हणालात?”

“काही नाही... पाऊस वाढला म्हणालो.”

रंधा तिने घेतला. दुकानाचा पत्ता त्याने घेतला.

आठवड्याभरातच तो डोळे तपासायला हजर झाला. मामाने त्याला खुर्चीत बसवून लहानातली लहान अक्षरं वाचायला लावली. त्याने ती धडाधड वाचून दाखवली.

“डोळे ठणठणीत आहेत,” मामा काचा आवरत म्हणाला. “दुखणं दुसरीकडे दिसतंय. त्याचं औषध माझ्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर बघा.”

पलीकडच्या टेबलावर ती काचा घासत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले.

मग तो येतच राहिला. लिफ्टदुरुस्तीचं काम संपवून, हाताला ग्रीसचा वास घेऊन, कधी एखादी पटाशी, कधी काटकोन मापायचा गुण्या, कधी मूठ तुटलेला हातोडा कागदात गुंडाळून आणायचा. ती भिंग लावायची, तो तिच्याकडे बघायचा. ज्या कारखान्यांच्या जागी आता गोदामं आणि इमारती होत्या, त्यांची नावं ती शेजाऱ्यांची विचारपूस करावी तशी घ्यायची. मामाने त्याचं नाव ‘टिटवी’ पाडलं. “आली का तुझी टिटवी?” असं तो भर गिऱ्हाइकात विचारायचा आणि ती डोळे वटारायची.

“खोटे ठसे फार निघालेत हल्ली,” ती एकदा म्हणाली. “साध्या रंध्यावर नामांकित छाप मारतात आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतात.”

“तुम्हाला कळतात?”

“मला? नुसतं वासावर!”

नेमकं हेच वाक्य तो घरी घेऊन गेला.

बाकी कुठेही त्याची जीभ तुरुतुरु चालायची, पण मनातलं सांगायची वेळ आली की टाळ्याला चिकटायची. म्हणून त्याने आपल्या परीने एक युक्ती काढली. पोलादाची कांडी घेऊन बारीक कानशीने तिच्या टोकावर एक गोल कोरला, गोलाला छोटीशी दांडी कोरली. भिंग! मग आपल्याकडच्या सर्वांत देखण्या टिटवी छाप रंध्याचं पातं काढलं आणि टिटवीला अगदी खेटून भिंगाचा ठसा मारला. ती बघेल, खोटा म्हणून लगेच ओळखेल, चिडेल, “कोणी मारला हा?” म्हणून विचारेल. मग फक्त “मी” एवढंच म्हणायचं. तेवढं त्याला जमलं असतं.

पण ठसा नवाकोरा चकाकत होता, आणि जुन्या वस्तूवर असलं बटबटीत काम त्याच्यातल्या संग्राहकाला बघवेना. त्याने तो मिठाच्या पाण्याने गंजवला, दांडी थोडी झिजवली, तेल चोळलं. बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. काम इतकं बेमालूम झालं, की तो स्वतःच खूश झाला.

“ओळखा बघू,” तो म्हणाला. त्याने रंधा टेबलावर ठेवला.

तिने भिंग लावलं आणि तिचे डोळे विस्फारले. “अगंबाई! हे कुठे मिळालं तुम्हाला? टिटवीबरोबर दुसरी छाप! असं तर कधी पाहिलंच नाही... ही काय, किल्ली आहे का? की पळी?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“भागीदारी,” ती ठामपणे म्हणाली. “कारखाना डबघाईला आल्यावर दुसऱ्या कोणाशी तरी हातमिळवणी केली असणार.” मग ती हसली. “पण चालली नसणार हो. मुळात जोडच विजोड दिसतेय. एखादा नग निघाला असेल, तेवढ्यात संपलं असेल सगळं.”

“एवढी... खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

“ठेवा तुम्हालाच,” तो म्हणाला आणि वळला. काचेच्या दारापलीकडे तो भिजत उभा असलेला तिला दिसला, पण तिचं अर्धं लक्ष रंध्यात होतं. किती सभ्यपणे नकार दिला हिने, असं त्याला वाटत होतं. त्याच्याच भाषेत, त्याचा मान राखून...

त्यानंतर तो आला नाही.

आधी तिला वाटलं, कामात असेल. मग वाटलं, आजारी असेल. मग तिला राग आला. दार वाजलं की तिची मान आपोआप वर व्हायची आणि आत कोणीतरी चष्म्याची दांडी तुटलेला माणूस यायचा.

“जाऊन बघून ये ना,” मामा म्हणाला.

“मी का म्हणून? पाय त्याचे मोडलेत का?”

“तुझं नाक जरा खाली घे, नाहीतर चष्मा बसायचा नाही,” मामा म्हणाला. पण ती गेली नाही. पावसाळा असाच सरला. मनातून मात्र ती रोज जात होती, रोज परत येत होती.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवं मोठं भिंग आलं होतं. ते तपासायचं म्हणून तिने रंध्याचं पातं त्याखाली धरलं. पात्यावर एक जुना ओरखडा आडवा गेला होता. टिटवीच्या खळग्यात तो उतरला नव्हता, वरून उडी मारून पुढे गेला होता. म्हणजे टिटवी आधीची, ओरखडा नंतरचा. दुसऱ्या छापेत मात्र तो तळापर्यंत दबला होता.

म्हणजे छाप नंतरची... ओरखड्यावर मारलेली. खोटी!

ज्याच्या त्याच्या हत्यारावर संशय घेणाऱ्या तिने ही एकच वस्तू तपासली नव्हती. त्याने दिलेली होती ना! तिने पातं जरा फिरवलं. ना किल्ली, ना पळी. गोल आणि दांडी... तिने टेबलावर पडलेलं आपलं छोटं भिंग त्याच्या शेजारी ठेवलं. अगदी तेच!

“मामा, मी आले,” एवढंच ती म्हणाली. पर्ससुद्धा विसरली.

त्याच्या लिफ्टकंपनीच्या कचेरीतल्या माणसाने सांगितलेल्या इमारतीत ती धापा टाकत जिने चढून गेली. लिफ्टचं दार उघडं होतं आणि दोन मजल्यांच्या मध्ये थांबवलेल्या लिफ्टच्या छतावर तो उभा होता. कमरेपर्यंतच दिसत होता. तिला पाहून त्याच्या हातातला पाना निसटला.

ती जमिनीवरच बसली, म्हणजे त्यांचे डोळे समोरासमोर आले.

“भिंग आहे ते. हो ना?”

तो हलकेच म्हणाला, “तुम्ही लगेच ओळखाल असं वाटलं होतं.”

“आणि मी काय बोलले...”

“जोड विजोड आहे. एखादा नग निघाला असेल, तेवढ्यात संपलं असेल सगळं.” तो कुठेही अडखळला नाही.

“अहो, मी कारखान्याबद्दल बोलत होते!”

तिचा आवाज जिन्यात घुमला. त्याने डोळे मिटून घेतले. त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, आणि ते पुरतं उमलायच्या आतच विझलं.

“ताईने स्थळ आणलं होतं,” तो म्हणाला. “गेल्याच आठवड्यात मी होकार कळवला. मुलगी चांगली आहे. मला विचारत होती, एवढी हत्यारं ठेवायला कपाट करून घेऊ या का...”

त्याच्या बोटांवरचं ग्रीस, मानेवरचा घाम, सगळं तिला हाताच्या अंतरावर दिसत होतं.

“तुम्ही म्हणालात, तर मी आजच ताईला...”

“नको.” तिने पटकन मान हलवली. “तिने काय घोडं मारलंय आपलं? कपाटाचा विचार करणारी मुलगी आहे. तिच्या तोंडावर असं दार आपटून मला तुमच्या घरात यायचं नाही.”

“मग आलात कशाला?”

“उत्तर द्यायला. तुम्ही विचारलं होतंत ना...” तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. “हो. तेव्हाही हो होतं. मला प्रश्नच कळला नाही.”

खालून कोणीतरी ओरडलं, “अहो लिफ्टवाले, आज होणार की जिन्यानेच जाऊ?”

तो हलेना. ती उठली, ओढणी सावरली आणि डोळे पुसून प्रयत्नपूर्वक हसली.

“जा,” ती म्हणाली. “लोक खोळंबलेत. सुखात राहा... तू.”

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून ‘तू’ आलं होतं. त्याने ते ऐकलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. मग त्याने छतावरचं बटण दाबलं आणि लिफ्ट हळूहळू खाली गेली.